तुम्ही विचारलंत म्हणून : अजून मिस्सेला का जातो?

मिस्सा म्हणजे आम्हा कॅथलिकांची चर्चमधली उपासना. दोन प्रकारची माणसं मला हा प्रश्न विचारतात. ऑफिसातली म्हणतात, "मुलीच्या वेळी एवढं झालं, तरी तू दर रविवारी चर्चला जातोस?" चर्चमधली म्हणतात, "मिसेस हल्ली दिसत नाहीत. तू मात्र येतोस, बरं वाटतं." पहिल्यांना मी हसून टाळतो, दुसऱ्यांना तिची तब्येत बरी नसल्याचं सांगतो. तिची तब्येत ठणठणीत आहे. आता एकदाच लिहून टाकतो.

आधी दोन वाक्यं बाजूला काढू. "देवानं परीक्षा घेतली" असं मला कुणी ऐकवू नये. माझी परीक्षा घ्यायला ज्या देवाला एक मूल लागतं, त्याच्यापुढे मी गुडघे टेकणार नाही. आणि "त्याला स्वर्गात एक देवदूत हवा होता" हे तर त्याहून वाईट. माणूस मेल्यावर देवदूत होत नाही, ही साधी कॅथलिक शिकवण आहे. सांत्वन करायला येणाऱ्यानं निदान एवढं तरी वाचून यावं.

पोटातल्या बाळाचे ठोके बंद पडल्याचं आदल्या संध्याकाळीच सोनोग्राफीत कळलं होतं. तरी प्रसूती व्हावीच लागते, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. कळा येतात, जोर लावावा लागतो, सगळं तेच आणि तसंच. मुलगी पहाटे झाली. नर्सनं तिला पुसून, हिरव्या कापडात गुंडाळून आईच्या कुशीत दिलं. बोटांना पूर्ण नखं होती, किंचित वाढलेली. पहिल्या आठवड्यात कापावी लागली असती इतकी.

फादरांना मी आधीच फोन केला होता. ते आले तेव्हा मी पाण्याची बाटली उघडून उभा होतो. खरं तर बाप्तिस्म्याला फादरच लागतात असं नाही. अडल्या वेळी तो कुणीही देऊ शकतं, ख्रिस्ती नसलेली नर्ससुद्धा. डोक्यावर पाणी ओतायचं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं बाप्तिस्मा देतो असं म्हणायचं, आणि चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करायचा हेतू ठेवायचा. बस. पण मूल जिवंत असावं लागतं. हेही मला पाठ होतं. तरी झाकण माझ्या दुसऱ्या हातात होतं.

फादरांनी बाटलीच्या तोंडावर तळवा ठेवला आणि हळूच म्हणाले, "संस्कार जिवंतांसाठी असतात रे." मग आम्ही ठरवलेलं नाव त्यांनी विचारून घेतलं, त्या नावानं तिला हाक मारली, तिच्या कपाळावर क्रूसाची खूण केली आणि तिला देवाच्या हाती सोपवणारी प्रार्थना म्हटली. घाई केली नाही.

बायकोनं तिथल्या तिथे विचारलं, "थोडं पाणी ओतलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

तिला तेवढंच ऐकू आलं, बाटलीवर आलेला हात. मला ती हाकही ऐकू आली. आमच्या घरातला सगळा मतभेद या दोन वाक्यांत येतो.

मी पूर्वी रविवारी मुलांना धर्मशिक्षण द्यायचो. तेव्हा "बाप्तिस्मा न झालेली बाळं कुठे जातात?" असं कुणी विचारलं, की मी तयारच असायचो. संत ऑगस्टिन या चर्चच्या जुन्या विचारवंतानं त्यांना नरकात टाकलं, अगदी सौम्य शिक्षेवर का होईना, पण टाकलं. मध्ययुगातल्या ईशज्ञानींना, म्हणजे धर्मपंडितांना, ते पचेना. मग लिंबो आला, म्हणजे या बाळांसाठी मानलेली, स्वर्गाबाहेरची पण यातना नसलेली जागा. त्यांच्यातल्या थॉमस अक्वायनसच्या मते तिथे दुःख नाही, कारण आपण काय गमावलं हे त्या बाळांना ठाऊकच नसतं. लिंबो हा श्रद्धेचा सिद्धान्त मात्र कधीच नव्हता. 1992च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथात, तो शब्दही नाही, तिथे या मुलांना देवाच्या दयेवर सोपवलं आहे. 2007 साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगानं सांगितलं, की ही मुलं तारली जातात अशी आशा धरायला भक्कम आधार आहे, पण ते खात्रीचं ज्ञान नव्हे. आणि मी वर्गाला आनंदानं सांगायचो, "झालं, प्रश्न सुटला!"

त्या मास्तरला मला आज विचारायचं आहे, काय सुटलं रे? "आशा, पण खात्री नाही" हे फळ्यावर लिहायला सोपं आहे. तो मला उत्तर देतो, बाळ येशूला मारायला निघालेल्या हेरोद राजानं मारलेल्या बालकांचा सण 28 डिसेंबरला आपण पाळतोच ना? त्यातल्या एकाचाही बाप्तिस्मा झाला नव्हता, तरी चर्च त्यांना संत मानतं. बिनतोड मुद्दा. पण ती ख्रिस्ताच्या वाट्याचं मरण मेली, माझी मुलगी कशासाठी मेली? इथे मास्तर गप्प बसतो, आणि मीही.

तरी जातो, कारण फादरांनी मला नाटक करून दाखवलं नाही. माझं समाधान व्हावं म्हणून त्यांनी पाणी ओतलं असतं, तर पुढे त्यांच्या आशीर्वादावरही माझा विश्वास बसला नसता. आणखी एक कारण आहे, जरा बालिश. मिस्सेत कृतज्ञता प्रार्थनेचे काही पर्याय असतात, त्यांतल्या चौथ्या प्रार्थनेत, ज्यांची श्रद्धा केवळ देवालाच ठाऊक आहे अशा मृतांचं स्मरण येतं. फादर सहसा दुसरी प्रार्थना घेतात, ती आखूड आहे. चौथी क्वचितच येते. पण आली की प्रवचनात काय ऐकलं ते मी विसरतो.

हे सगळं मी बायकोला सांगून पाहिलं आहे. तिचं म्हणणं असं : मूल जिवंत आहे की नाही याची शंका असेल, तर "तू जिवंत असशील तर" अशा अटीवर बाप्तिस्मा देता येतो, हे तूच मला शिकवलंस. तुम्हा सगळ्यांची खात्री पटली होती. माझी पटली नव्हती. मला कुणी विचारलं का?

तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. सोनोग्राफीचा रिपोर्ट होता, शंकेला जागा नव्हती, असं मी म्हणतो. ती म्हणते, नऊ महिने पोटात वाढवलेल्या बाईची शंका रिपोर्टनं कशी जाते? कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, याचं उत्तर असेलही. तिला ते ऐकायचं नाही, आणि तिच्यासमोर उभं राहून ते वाचायची माझी हिंमत नाही.

तर मी का जातो, हे सांगून झालं. ती का येत नाही, हे कृपा करून मला विचारू नका. तिला विचारा. तिचं उत्तर माझ्यापेक्षा मुद्देसूद आहे.