सेव्ह नेमकं कुठे गेलं?

शुक्रवार, रात्र. कोथरूड.

आज अप्पा बळवंत चौकात एका प्रकाशकांकडे जाऊन आलो. तिथल्या मुद्रितशोधक बाई आमचं सॉफ्टवेअर वापरतात. एका विंडोत प्रूफ, शेजारी दुसऱ्या विंडोत मूळ संहिता. काल गुरुवार, दुरुस्तीसाठी वीज गेली, आयमॅक बंद पडला आणि दोन तासांच्या दुरुस्त्या गेल्या.

"अहो, दर पानाला सेव्ह करत होते हो मी," बाई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी करून दाखवलं. प्रूफमध्ये ऱ्हस्व 'कि'ची दीर्घ 'की' केली, कमांड-एस दाबलं. प्रूफच्या लाल बटणातला ठिपका, म्हणजे सेव्ह न झाल्याची खूण, तशीच. सेव्ह झाली होती ती शेजारची संहिता!

मी विंडोजवर काम करतो. तिथे प्रत्येक विंडोच्या माथ्यावर तिचा स्वतःचा मेनू, त्यामुळे हे मला कधी दिसलंच नाही. मॅकवर मेनूची पट्टी एकच, स्क्रीनच्या वरच्या कडेला, १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशपासून. आमचं ॲप ज्या इलेक्ट्रॉन नावाच्या चौकटीवर बांधलंय, तिच्यात एकेका विंडोला वेगळा मेनू देणं मॅकवर चालत नाही. म्हणून नवी विंडो उघडली की मी अख्ख्या ॲपचा मेनू पुन्हा बसवायचो आणि त्यातल्या 'सेव्ह'ला तीच विंडो बांधून टाकायचो. बाई संहिता नंतर उघडतात. शॉर्टकटही मेनूतूनच जातो, म्हणजे दर कमांड-एस संहितेलाच. मॅकवर न तपासता मॅकवाल्यांच्या हातात दिलं, हे चूकच होतं.

मित्राचं मॅकबुक मागून आणलं, नऊला बसलो. मेनू आता एकदाच बनतो; क्लिकच्या वेळी इलेक्ट्रॉन फोकसमधली, म्हणजे त्या क्षणी वापरात असलेली, विंडो हातात देतं, सेव्ह तिलाच सांगायचं. मग सगळ्या विंडो बंद करून पाहिल्या. मॅकवर ॲप तरी चालूच राहतं, मेनूही राहतो, पण हातात विंडो येत नाही. सेव्ह दाबलं, एरर. आता विंडो नसली की सेव्ह फिकट दिसतं. 'शुद्धलेखन तपासा'पुढची टिकही आधीच्याच विंडोची राहत होती, तीही फोकसबरोबर बदलते.

साडेबारा वाजले. सोमवारी नवी आवृत्ती घेऊन स्वतः जाणार आहे. गेलेली पानं बाई पुन्हा तपासतील, तेव्हा शेजारी बसून संहिता मी वाचून दाखवीन, असं त्यांना कबूल करून आलोय.