अहवालातला एक शब्द

दक्षिण इंग्लंडमधील एका मध्ययुगीन कुष्ठाश्रमाच्या दफनभूमीतून निघालेल्या सांगाड्यांची नोंद करण्याचे काम माझ्याकडे होते, तेव्हाची ही गोष्ट. त्या सकाळी टेबलावर विशीही न ओलांडलेल्या एका तरुणाच्या अस्थी होत्या. नाकाच्या तळाशी असणारा हाडाचा बारीक काटा झिजून नाहीसा झाला होता, पुढचे दात धरून ठेवणारे वरच्या जबड्याचे हाड विरले होते आणि तळपायाची लांब हाडे टोक काढलेल्या पेन्सिलीसारखी निमुळती झाली होती. ही तिन्ही लक्षणे एकत्र आढळल्यावर कुष्ठरोगाविषयी फारशी शंका उरत नाही.

नोंदीच्या शेवटी मी सवयीने लिहून गेले : 'समाजाने वाळीत टाकलेला रुग्ण.' (लिहिले अर्थात इंग्रजीत, पण मनात उमटला तो आपल्याकडचाच शब्द. लहानपणी महारोग्यांच्या वस्तीजवळून एसटी जाऊ लागली की मोठी माणसे खिडक्या लावून घेत.)

वरिष्ठ सहकाऱ्यांनी त्या शब्दांभोवती गोल काढला आणि उत्खननाचे रेखाटन माझ्यापुढे ठेवले. कबर रेखीव खोदलेली होती आणि डोके नीट टेकावे म्हणून त्यासाठी वेगळी खोबण ठेवलेली होती. "टाकून दिलेल्याला कुणी इतके मोजूनमापून पुरते का?" एवढेच त्यांनी विचारले.

दुपारी मी ११७९च्या तिसऱ्या लॅटरन धर्मसभेचा, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या महासभेचा, ठराव काढून वाचला. निरोगी माणसांसोबत राहू न शकणाऱ्या कुष्ठरुग्णांना स्वतंत्र चर्च आणि दफनभूमी नाकारणाऱ्या धर्मगुरूंना तो खडसावतो आणि रुग्णांच्या बागांवर व गुरांवर दशमांश, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा चर्चचा कर, घेऊ नये, असेही बजावतो. त्यांनी वेगळे राहावे हे मात्र त्यात गृहीतच धरलेले आहे. ही सभा भरवणाऱ्या तिसऱ्या अलेक्झांडर पोपनीच दोन वर्षे उलटण्याच्या आत, ११८१च्या पत्रात, जेरुसलेमचा कुष्ठग्रस्त राजा चौथा बाल्डविन याची व्यथा हा ईश्वराचा न्याय्य निवाडा असल्याचे म्हटले. दुसरीकडे, बायबलमधील यशयाच्या ग्रंथाच्या लॅटिन भाषांतरात दुःख भोगणाऱ्या सेवकाला 'कुष्ठरोग्यासारखा' म्हटले असल्याने आणि तो सेवक म्हणजे ख्रिस्तच असे ख्रिस्ती लोक मानत असल्याने, भाविकांना याच रुग्णांत ख्रिस्त दिसत असे. शिक्षा आणि पावित्र्य एकाच देहावर लादणाऱ्या या विचाराला माझा एक शब्द पुरणार नव्हता.

संध्याकाळी तो खोडला. त्याच्या जागी काय लिहावे हे ठरेना, म्हणून कबरीची लांबी, रुंदी आणि डोक्याच्या खोबणीचे माप लिहिले.