तुम्ही विचारलेत म्हणून : फळ्यावरचे फसलेले विमान

जडत्व शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर डग्लस एक्स-३ या अमेरिकी प्रायोगिक जेट विमानाचे चित्र काढतो आणि दरवर्षी कोणीतरी विचारतेच, ‘सर, एवढी विमाने असताना हे फसलेलेच का?’

फसले, यात वाद नाही. धावपट्टीवरून स्वतःच्या बळावर उठून ध्वनीच्या दुप्पट वेगाने सलग उडावे, यासाठी ते आखले होते. प्रत्यक्षात सरळ पातळीवर उडताना त्याला ध्वनीचा वेगही कधी ओलांडता आला नाही; जुलै १९५३ मध्ये वैमानिक बिल ब्रिजमन यांनी सूर मारून गाठलेला मॅक १.२१ (म्हणजे ध्वनीच्या १.२१ पट वेग) हाच त्याचा उच्चांक. दोष मुख्यतः इंजिनाचा. वेस्टिंगहाउसचे जे-४६ इंजिन तयार होता होता इतके फुगले, की त्या सडपातळ धडात ते मावेना, म्हणून कमी ताकदीच्या जे-३४ वर भागवावे लागले. पंखही आखूड आणि पातळ असल्याने जमीन सोडायलाच ताशी सुमारे ४२० किलोमीटर वेग लागे. (टायरांचे जे हाल झाले, त्यातून निदान टायर सुधारले.) दुसरे विमान तर पुरे झालेच नाही, त्याचे भाग पहिल्याच्या कामी आले.

तरीही मी ते काढतो, ते त्याच्या आकारासाठी. लांबी २० मीटर, पंखांचा विस्तार जेमतेम ७. म्हणजे जवळजवळ सगळे वजन एका लांब दांड्यात. प्रयोगशाळेत मी ड्रिलला दोरा अडकवून त्याला एका टोकाने पट्टी लोंबती बांधतो. ड्रिल फिरू लागले, की उभी पट्टी तशी राहत नाही. तिची टोके बाहेर फेकली जातात आणि ती आडवी होऊ पाहते. २७ ऑक्टोबर १९५४ रोजी नाका या अमेरिकी विमानसंशोधन संस्थेचे (पुढे हिचीच नासा झाली) वैमानिक जोसेफ वॉकर यांच्यावर नेमका हाच प्रसंग आला. मॅक ०.९२ वेगात, रडर (शेपटीवरचे सुकाणू) स्थिर ठेवून, केवळ एलेरॉनच्या (पंखांवरच्या हलत्या झडपांच्या) जोरावर त्यांनी विमानाला झटक्यात कूस बदलायला, म्हणजे लांबीच्या अक्षाभोवती फिरायला लावले, तर नाक २० अंश वर आणि १६ अंश बाजूला गेले. विमान सावरून त्यांनी तोच प्रयोग सूर मारून मॅक १.१५ ला पुन्हा केला (या माणसाच्या धीराला काय म्हणावे!), तेव्हा आधी उणे ६.७ आणि लगेच अधिक ७ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीतला भार) इतका भार आला. त्याच महिन्यात एफ-१०० या लढाऊ विमानातून उडताना जॉर्ज वेल्च याच दुखण्याने गेले होते. विल्यम फिलिप्स यांनी १९४८ मध्येच गणिताने दाखवलेल्या या जडत्व-युग्मनाची (कूस बदलताना जडत्वामुळे नाक वर-खाली आणि बाजूला फेकले जाण्याची) मोजमापे आता एक्स-३ च्या उपकरणांवर नोंदलेली होती, आणि ती त्याच्या त्या बेढब लांबीमुळेच मिळाली.

त्यानंतर विमान जवळपास वर्षभर जमिनीवरच राहिले. मे १९५६ मधल्या अखेरच्या उड्डाणापर्यंत पुन्हा तशी कूस बदलून पाहण्याच्या फंदात कोणी पडले नाही.