दारचा ते रुम्त्से : वारा सुटायच्या आत

मनाली ते लेह सायकलने गेलो म्हटलं, की पहिला प्रश्न खिंडींचा. किती उंच, किती चढ? चढाचं एक बरं असतं, तो आधीच माहीत असतो. रोहतांग ३,९७८ मीटर, टांगलांग ला (‘ला’ म्हणजे खिंड) ५,३२८. सगळ्यात हलका गिअर टाकायचा आणि गप पाय मारायचे. या रस्त्यावर दिवस कसा जाणार हे ठरवतात वारा आणि पाणी.

तांदीच्या संगमावर माझ्या मित्राने सायकल स्टँडला लावून हात जोडले. चंद्रा आणि भागा इथे मिळतात, पुढे त्यांची चिनाब होते. पंढरपूरकडच्या माणसाला चंद्रभागा दिसल्यावर दुसरं काय सुचणार? दोन्ही नद्या बारालाचा खिंडीच्याच परिसरात उगवतात, वेगवेगळ्या बाजूंनी खाली येतात. आम्ही भागा धरून वर निघालो.

केलाँग, जिस्पा सोपं गेलं. दारचा हे शेवटचं गाव. तिथून रुम्त्सेपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर कायमची वस्ती नाही, फक्त उन्हाळ्यापुरते तंबूतले ढाबे. राजमा-चावल, मॅगी, आम्लेट आणि रात्री त्याच तंबूत गादी-रजई. स्वयंपाकाचं सामान न्यायची गरज नाही, हे माझं ठाम मत. ते वजन गरम कपड्यांना द्या.

झिंगझिंगबारच्या पुढे वितळलेल्या बर्फाचे नाले येतात. काहींवर पूल झालेत, काही अजून रस्त्यावरूनच वाहतात. रात्री वर सगळं गोठतं, म्हणून पहाटे पाणी कमी. ऊन चढलं की तोच नाला सायकल ओढून न्यायला लागतो. बूट गळ्यात, पायात सँडल, सायकल खांद्यावर. पलीकडे पोचल्यावर बोटं आपली आहेत की नाहीत हे डोळ्यांनी बघून ठरवायचं.

बारालाचाजवळ डांबराची पिंपं तापवत रस्ता करणारे मजूर भेटले. झारखंडचे, दुमका भागातले. तोंडाला फडकी, हातात फावडी, उंची पावणेपाच हजार मीटरच्या वर. आम्ही हवा कमी पडते म्हणून दर वळणावर थांबत होतो आणि हे लोक पूर्ण हंगाम तिथे खडी टाकतात. आमच्या साहसाबद्दल त्यांना काही विशेष वाटलं नाही, ते योग्यच होतं.

खिंड ओलांडली आणि हिरवं संपलं. महाबळेश्वरला ढग रिकामे होतात आणि माण-खटाव कोरडं राहतं, तसाच हा प्रकार, फक्त सह्याद्रीच्या जागी हिमालय. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. डोंगर विटकरी, जांभळे, राखाडी. झाड नाहीच, त्यामुळे सावलीही नाही.

सरचू सुमारे ४,३०० मीटरवर. केलाँगहून थेट तिथे झोपायला येणाऱ्या गाडीवाल्यांची डोकी रात्रभर ठणकतात. सायकलवाला हळू चढतो, हा त्याचा फायदा. पुढची गाटा लूप्सची २१ वळणं नावापेक्षा सौम्य निघाली. नकी ला, लाचुलुंग ला करून पांगच्या तंबूंपाशी आलो. ढाब्यातल्या आचे-लेंनी (लडाखीत ताई) थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप, वाढता वाढता बजावलं, “सुबह जल्दी निकलो. बारह के बाद हवा चलेगी.”

मोरे मैदान हे या रस्त्याचं मर्म. पांगवरून वळणावळणाने चढलं की जवळपास ४० किलोमीटर सपाट, ४,७०० मीटरवर. नवं गुळगुळीत डांबर, दूरवर भटक्या चांगपा पशुपालकांचे तंबू आणि पश्मिन्याच्या शेळ्या. सकाळी वाटलं, तासा-दोन तासांत पार. दुपारी तापलेल्या मैदानावर वारा उठला आणि वेग ताशी सात-आठवर आला. सायकल तिरकी धरून चालवावी लागत होती. ट्रक शेजारून गेला की क्षणभर आडोसा मिळायचा आणि तिरकी धरलेली सायकल ट्रककडेच झुकायची.

“अरे, हा सपाट रस्ता आहे ना?” मित्र ओरडला.

“खाली बघ आणि पाय मार!”

चढाला माथा असतो, या मैदानाला नाही. मैदानाच्या टोकाला देब्रिंगचे तंबू दिसायला लागल्यावरही बराच वेळ तेवढेच लांब राहिले.

टांगलांग ला दुसऱ्या दिवशी, वारा सुटायच्या आत. माथ्यावर प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास, पताका भरपूर, फोटोवाले त्याहून भरपूर. आम्ही बिस्किटं खाल्ली आणि निघालो. उतारावर रुम्त्सेत सातूची हिरवी शेतं, पांढरी घरं, नळ. उपशीला सिंधू ओलांडली. लेह ३,५०० मीटरवर आणि सिंधूचं पात्र त्याच्या खाली, म्हणजे चोगलमसरनंतर पुन्हा चढ, तोही गाड्यांच्या धुरात. त्याबद्दल आधी कोणीही सांगत नाही, म्हणून मी सांगून ठेवतो.