टिल्लूने दाणा टिपला

आज लष्कर भागात दिवसभर ऊन पडलंच नाही. सकाळी पिंजऱ्यावरची चादर काढली तर टिल्लू, आमचा बजी (छोटा पोपट), पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेला. एरवी चादर हलली तरी कलकलाट सुरू होतो.

बजी आजारपण लपवतात. असा फुगून बसलेला दिसला की 'उद्या बघू' म्हणायचं नसतं. मागच्या थंडीत चिमी गेली, तेव्हा मी म्हटलं होतं. अजून सलतं ते.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. ३१ ग्रॅम. गेल्या आठवड्यात ३५ होतं! एवढ्याशा जीवाला चार ग्रॅम म्हणजे फार. तसेच डॉक्टरांकडे नेलं. औषध दिलं, ऊब द्या म्हणाले.

आता पिवळा बल्ब लावलाय, पण पिंजऱ्याच्या एकाच बाजूला. गरम झालं तर त्याला सरकता यायला हवं. आईने नॉनस्टिक तवा तर चिमीच्या वेळीच काढून टाकला. तो फार तापला की निघणारी वाफ या पक्ष्यांचा जीव घेते.

संध्याकाळी आईने तळहातावर राळे धरले. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग एक दाणा टिपला, सोलला, टरफल टाकलं. आई हात न हलवता तशीच उभी होती.