तुम्ही विचारलंत म्हणून: जपानी माणसाची सिगरेट आणि जपानी माणसाचा गांजा

पुण्याला गेले की हा प्रश्न येतोच, आणि इकडे टोकियोत निशी-कासाईला नवीन राहायला आलेली आयटीतली मुलंसुद्धा तोच विचारतात. ताई, एवढे शिस्तीचे लोक, तब्येत जपणारे, नव्वदीतही सायकल चालवणारे, मग सिगरेटी एवढ्या कशा ओढतात? आणि सिगरेट चालते तर मग गांजाचं नाव काढलं की एवढे का हादरतात? दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी हे सांगते की "एवढ्या सिगरेटी" हे चित्र आता जुनं झालंय. 1966 साली जपानमधले 80 टक्क्यांहून जास्त पुरुष सिगरेट ओढायचे, म्हणजे न ओढणारा पुरुष हाच वेगळा दिसायचा, आता सरकारी पाहणीत चारातला एक पुरुष आणि शंभरातल्या सातेक बायका एवढंच प्रमाण उरलंय. त्यातही तंबाखू न जाळता नुसता गरम करणाऱ्या त्या छोट्या मशीनवर वळलेले बरेच आहेत. तरी तुम्हाला सिगरेट जास्त दिसते, कारण इथे ती कुणी लपवत नाही. आपल्याकडे चाळिशीचा माणूससुद्धा वडील दिसले की हातातली सिगरेट टाकून देतो, इथे वीस वर्षं पूर्ण झालेल्या मुलाने बापासमोर पेटवली तर त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

ह्याचं कारण माझ्या मते सरकार आहे. रशियाशी युद्ध सुरू झालं त्या 1904 साली पैसा हवा म्हणून सरकारने सिगरेट बनवायचा धंदा स्वतःच्या हातात घेतला, आणि 1985 पर्यंत तो सरकारचाच होता. मग जपान टोबॅको नावाची कंपनी झाली पण तिचे एक तृतीयांशाहून जास्त शेअर सरकारकडेच राहिले पाहिजेत असा कायदाच आहे, आणि तंबाखूचा धंदा बघतं ते अर्थ मंत्रालय, आरोग्य मंत्रालय नाही. सम्राटाच्या नावाने फुलाचं राजचिन्ह छापलेल्या सिगरेटी भेट द्यायची पद्धत होती, आधी सैनिकांना आणि नंतर राजवाड्याची साफसफाई करायला येणाऱ्या स्वयंसेवकांना, ती पार 2006 च्या शेवटी बंद झाली. जी वस्तू सम्राट भेट देतो तिला लोक व्यसन कसं म्हणतील, सांगा!

मग त्यांनी सिगरेटवर बंधनं घातली तीसुद्धा तब्येतीसाठी नाही, तर दुसऱ्याला त्रास होतो म्हणून. आणि ती घातली आधी रस्त्यावर. 2002 मध्ये टोकियोच्या चियोदा वॉर्डाने चालताना सिगरेट ओढली तर दंड लावायला सुरुवात केली, जळती सिगरेट धरलेला हात बरोबर लहान मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येतो ही गोष्ट त्या काळात जाहिरातींतूनसुद्धा सांगितली जायची. पण हॉटेलात, बारमध्ये, ऑफिसच्या पार्टीत मात्र खुशाल ओढा. भारतात 2008 च्या 2 ऑक्टोबरपासून हॉटेलात, ऑफिसात बंदी आली आणि लोक ओढायला बाहेर रस्त्यावर आले, इथे बरोबर उलटं, रस्त्यावर बंदी म्हणून लोक आत यायचे. ऑफिसच्या पार्टीहून घरी आलं की रात्री बारा वाजता केस धुवावे लागायचे, कोट दोन दिवस बाल्कनीत, आणि कुणाला बोलायची सोय नाही कारण साहेबच ओढतायत. शेवटी एप्रिल 2020 पासून आतली बंदी देशभर आली, आणि तरीही जुन्या छोट्या दुकानांना सूट दिलीच. टोकियोने मात्र इथे चांगलं काम केलं, नोकर ठेवला असेल तर दुकान कितीही छोटं असो बंदी लागू, म्हणजे धुरात उभं राहून काम करणाऱ्या वेटरचा कुणीतरी विचार केला, मला ते फार आवडलं. 2024 मध्ये टोकियो-ओसाका शिंकान्सेनमधल्या, म्हणजे बुलेट ट्रेनमधल्या, धूम्रपानाच्या खोल्या बंद झाल्या, आणि 2025 च्या जानेवारीत ओसाकाने एक्स्पो ह्या जागतिक प्रदर्शनाच्या आधी अख्ख्या शहरातल्या रस्त्यांवर बंदी आणली.

पण हे सगळं करताना ओढणाऱ्याला कुणी हाकलून दिलं नाही. स्टेशनबाहेर त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, तिथे सूटबूटवाले, मजूर, कॉलेजची मुलं सगळी दाटीवाटीने उभी राहून मुकाट ओढतात आणि कामाला जातात. त्याला कुणी वाईट माणूस म्हणत नाही.

आता वयाचं बघा. प्रौढत्वाचं वय 2022 मध्ये 18 झालं, पण सिगरेट आणि दारूचं वय 20 च ठेवलं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर जिम्नॅस्टिक्सच्या महिला टीमची कॅप्टन, 19 वर्षांची मुलगी, सिगरेट ओढली आणि दारू प्यायली म्हणून टीमबाहेर झाली. आयुष्यभराची मेहनत गेली. नियम मोडला हे मान्य, पण वर्षभराने तीच सिगरेट तिने काचेच्या खोलीत ओढली असती तर कुणी वळूनही बघितलं नसतं. रेषेच्या अलीकडे असाल तर सगळी सोय, पलीकडे पाऊल पडलं की सगळं काढून घेणार, हा त्यांचा स्वभाव मला त्या बातमीत फार स्पष्ट दिसला, आणि गांजाचं उत्तरही तिथेच आहे.

कारण भांगेचं झाड त्यांना परकं नव्हतंच. शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात जो जाड दोर बांधतात तो भाताच्या पेंढ्याचा नाहीतर ह्याच झाडाच्या धाग्याचा असतो, आणि नव्या सम्राटाच्या विधीसाठी तोकुशिमात अजूनही ह्याच धाग्याचं कापड विणतात. गांजाबंदीचा कायदा आला 1948 मध्ये, अमेरिकन ताब्याच्या काळात. खरी जखम मात्र मेथॅम्फेटामिन ह्या उत्तेजक ड्रगची. ते पहिल्यांदा बनवलं नागाइ नागायोशी ह्या जपानी शास्त्रज्ञाने 1893 मध्ये, आणि 1941 पासून फिलोपॉन नावाने थकवा घालवायचं औषध म्हणून ते उघड विकलं जायचं, युद्धात वापरलं, युद्धानंतर उपाशी, हरलेल्या शहरांमध्ये त्याची साथच पसरली, तेव्हा कुठे 1951 मध्ये कायदा आला. त्यामुळे त्यांची भीती पोकळ आहे असं मी कधीच म्हणणार नाही, त्यांनी भोगलंय ते.

पण त्या भीतीचं पुढे जे केलं ते मला पटत नाही. 1980 च्या दशकात टीव्हीवर जाहिरात लागायची, ड्रग सोडताय की माणूसपण सोडताय, अशा अर्थाची. 1987 पासून "दामे, झेत्ताई", म्हणजे नाही म्हणजे नाहीच, ही घोषणा पोस्टरवर आहे आणि आमच्या लेकीने शाळेतून आणलेल्या पत्रकावरही तीच होती. पत्रकात हात लावू नका हे मोठ्या अक्षरात, पण हात लागलाच तर कुणाशी बोलायचं हे शोधावं लागलं. 2019 मध्ये पिएर ताकी हा गायक-नट कोकेनच्या प्रकरणात पकडला गेला तर त्याच्या ग्रुपची सगळी जुनी गाणीसुद्धा विक्रीतून काढून घेतली, चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली. अशा देशात कुठली आई आपल्या मुलाला डॉक्टरकडे नेऊन खरं सांगेल?

आणि पोस्टरमुळे नशा थांबते असंही नाही. टोकियोत शिंजुकूच्या काबुकिचोमध्ये, बार आणि नाइटक्लबच्या त्या वस्तीत, घरातून पळून आलेली पोरं जमतात, त्यातली कित्येक सर्दी-खोकल्याच्या गोळ्या मूठभर खातात, त्या साध्या औषधाच्या दुकानातल्या, म्हणजे बेकायदा काहीच नाही, त्यामुळे ती घोषणा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. बघून पोटात तुटतं.

मदत करणारे आहेत, नाही असं नाही. 1985 मध्ये स्वतः व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाने टोकियोत दार्क नावाचं केंद्र सुरू केलं, आज देशभर तशी केंद्रं आहेत, तिथे पूर्वी नशा केलेलेच लोक नवीन आलेल्याला सांभाळतात. काही मानसोपचारतज्ज्ञ त्या घोषणेविरुद्ध उघडपणे बोलतात, माणूसपण गेलेला असं ज्याला म्हणाल तो उपचाराला येणारच नाही असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटतं. पण कायदा उलट दिशेला गेलाय. डिसेंबर 2024 पासून गांज्यापासून केलेल्या औषधांना वाट मोकळी झाली हे चांगलं, पण त्याच वेळी नुसता गांजा ओढणं हासुद्धा गुन्हा झाला, सात वर्षांपर्यंत कैद.

म्हणून इकडे येणाऱ्या मुलांना कळकळीने सांगते, होळीची भांग, गांजा, मित्राने दिलेलं "काहीतरी" ह्यातलं काहीही चिमूटभरसुद्धा आणू नका, अटक झाली तर खटला उभा राहायच्या आधीच तेवीस दिवसांपर्यंत कोठडीत ठेवू शकतात. खोकल्याचं, झोपेचं, एकाग्रतेचं औषध चालू असेल तर निघायच्या आधी परवानगी लागते का ते जपानच्या वकिलातीला विचारून घ्या. आणि कुणी मित्र अडकलाच असेल तर त्याला टाळू नका, दार्कला फोन करायला त्याच्यासोबत बसा.