तो थेंब कशाचा होता?

तीन आठवड्यांपूर्वी मी 50 लिटर वर्ट, म्हणजे बिअर व्हायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी, गटारात ओतलं. बरोबर केलं का, ते अजून ठरवता येत नाही.

पुण्यातल्या एका छोट्या ब्रुअरीत मी ब्रुअर आहे. उकळलेलं वर्ट गार करणाऱ्या यंत्राचं, प्लेट चिलरचं, गॅस्केट गेलं होतं. नवं मागून महिना झाला होता. मालकांनी आधी बारचे दिवे बदलले. म्हणून चाचणीची बॅच घरी करतात तशी गार करायची ठरली: उकळलेल्या वर्टमध्ये तांब्याची कॉइल बुडवायची, तिच्या आतून पाणी खेळवायचं. 60 अंशांच्या खाली जंतूंना मोकळं रान मिळतं, म्हणून तिथून 19 पर्यंत झटपट उतरावं लागतं.

जूनमध्ये नळाचं पाणीच 30 अंश. बर्फ राखायचा तो शेवटासाठी. नुसत्या बर्फावर 100 वरून 20 ला आणायचं तर 50 किलो लागतो; नळाच्या पाण्याने 36 पर्यंत उतरवलं की बारा किलोत भागतं. हा हिशोब मला पाठ आहे, पण मदतनीस पोराला कधी मांडून दाखवला नव्हता. त्याने वीसच्या वीस किलो सुरुवातीलाच कॉइलला पाणी पुरवणाऱ्या पिंपात ओतला. "दादा, जास्त गरम असतानाच जास्त बर्फ नको का?"

वर्ट 36 वर अडकलं. त्याला पिटाळलं, तर तो मासळीवाल्याकडचा निळा बर्फ घेऊन आला. खाण्याचा नाही हे कळावं म्हणून त्यात रंग घालतात. पाणी नळीच्या आतून जाणार, वर्टला लागणार नाही, असं म्हणून मी पंप सुरू केला. पारा भराभर 22 वर आला.

तेव्हा दिसलं. कॉइलला नळी आवळणाऱ्या होज क्लिपखाली, बरोबर भांड्यावर, थेंब लोंबत होता. पडला. मागून दुसरा. गार तांब्यावर दमट हवेत दव धरतंच; थेंब त्याचा, की आतल्या पाण्याचा? कागदाने टिपलं, रंग दिसला नाही. पण पिंपातलं पाणीही एव्हाना इतकं फिकं झालं होतं की त्याचाही थेंब कागदावर दिसला नसता. क्लिप आवळली. पुन्हा थेंब धरला.

उकळी फिरून आणली असती तर जंतू मेले असते. रंग आणि त्या बर्फात आणखी जे काही होतं ते तसंच राहिलं असतं. मॅनेजर म्हणाले, "दोन थेंबांसाठी?" मी झडप उघडली.

दुसऱ्या दिवशी त्याच कॉइलमधून बर्फ घातलेलं बिटाचं गडद पाणी अर्धा तास फिरवलं. सात-आठ थेंब पडले, सगळे स्वच्छ. पण क्लिप मी आदल्या दिवशीच आवळली होती.